ओपन स्पेसमधलं रान

रविवारी जेवणं उरकल्यावर जोतिराम सर खिडकीशी खुर्ची ओढून बसले, दुर्बिणीतून बराच वेळ बाहेर पाहत राहिले आणि उठले. उठताना त्यांनी असा उसासा टाकला की आत भांडी घासणाऱ्या विजयमालाबाईंनी नळ बंद केला.

"काय दिसलं?"

"कावळा."

"बसला होता?"

"नाही. नुसताच चालला होता."

बाईंनी नळ परत सुरू केला. रात्री त्यांची दवाखान्यात ड्युटी होती, त्याआधी तासभर डोळा लागला तर बरं, एवढाच त्यांचा जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन उरला होता.

खिडकीबाहेर होती ती सुखनिवास सोसायटीची ओपन स्पेस. मंगळवेढा रोडच्या बाजूला शहर जिथं संपतं आणि बांधकामं संपत नाहीत, तिथली ही सोसायटी. अशा मोकळ्या जागांचं जे होतं तेच तिचंही व्हायचं होतं. म्हणजे आधी हिरवळ, मग ती वाळली की घसरगुंडी, मग ती गंजली की पेव्हर ब्लॉक. पण वर्षापूर्वी शाळेनं सरांना एका कार्यशाळेला पाठवलं. सर खरं म्हणजे झोप काढायला गेले होते. शिक्षकाला दिवसा, बसून, पंख्याखाली झोप मिळण्याची एवढी एकच जागा उरली आहे. पण त्या दिवशी झोप लागली नाही, आणि तिथंच सगळं बिघडलं.

बोलायला एका संस्थेच्या राजश्री मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, की सोलापूरचं खरं वैभव दाट जंगल नाही, माळ आहे. आपण मात्र दारात परदेशी शोभेची झाडं लावतो. त्यांवर ना किडा, ना फळ, ना बी. पाखरांनी खायचं काय? त्यांना इथलं गवत हवं, बोर हवी, हिवर हवा, तरवड हवा. जोतिराम सर दुष्काळी भागातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्या माळाला 'ओसाड' सोडून दुसरा शब्द त्यांनी आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. भर सभेत कुणीतरी आपल्या आईचं कौतुक करावं तसं त्यांना झालं. त्याच भरात त्यांनी सोसायटीच्या सभेत, ओपन स्पेसचा माळ मी करतो, म्हणून हात वर केला.

चेअरमन हरिदास शिवशरण एसटीतून रिटायर झालेले. त्यांची हयात शुक्रवार पेठेतल्या बोळात गेली होती. घरासमोर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या कराव्यात आणि दोन्ही निघाव्यात, हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न होतं आणि त्यासाठी त्यांना पेव्हर ब्लॉक हवे होते. तरीही माणूस भला. ते म्हणाले, "सर, एक वर्ष घ्या. वर्षानं तुमच्या मॅडमना बोलवू. त्या म्हणाल्या पाखरं येतात, तर जागा पाखरांची. नाय म्हणाल्या, तर फरशी. मग तुम्ही पण रडायचं नाय आन् मी पण नाय."

सरांनी वर्षभर रक्त आटवलं. सुट्टीच्या दिवशी माळावरून गवताचं बी गोळा करून आणलं, बोरीची रोपं लावली, तरवड लावला, सांजसकाळ बादल्या वाहिल्या. पण देशी बागेची मोठी अडचण अशी, की ती कितीही राबून केली तरी कुणी काही केलंय असं वाटत नाही. पावसाळ्यात जरा हिरवं दिसलं, दिवाळीनंतर गवत कमरेला लागलं आणि पिवळं पडलं. येणारेजाणारे विचारायचे, "सर, काम कधी सुरू करणार?" तळमजल्याच्या बजाबाईंना त्यात रोज साप दिसायचा, एकदा तो पाण्याचा पाइप निघाला, तरी त्यांनी मत बदललं नाही. महापालिकेचा माणूस गवत कापायचं यंत्र घेऊन दोनदा आला आणि दोन्ही वेळा सर यंत्रासमोर उभे राहिले.

आणि पाखरं? पावसाळ्यात एकदा सुगरण आली होती. तिनं पात्यावर पातं उपसलं आणि चोचीत धरून समोरच्या सोसायटीतल्या ताडावर घरटं बांधायला निघून गेली. सरांना ते फार लागलं.

आता उद्या सकाळी राजश्री मॅडम येणार होत्या. पेव्हर ब्लॉकचा पहिला ट्रक कालच गेटापाशी रिकामा झाला होता. चेअरमन म्हणाले होते, "स्वस्त मिळाले म्हणून घेऊन ठेवले. तुम्ही मनावर घेऊ नका."

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, मतदार यादीच्या प्रशिक्षणाला रविवारी दुपारीच मंगळवेढ्याला हजर राहायचा निरोप आला होता. सर पिशवी भरायला लागले.

कोपऱ्यात त्यांची आई, केराबाई, पाय पसरून बसली होती. दिवाळीला म्हणून गावाकडून आली आणि गुडघ्यांमुळे राहिली. शहरात तिला करण्यासारखं काही नव्हतं आणि बघण्यासारखं म्हणाल तर तेवढं एक गवत होतं.

"जोती, त्वांड का पाडलंयस?"

"काही नाही गं आई. उद्या त्या बाई येणार. एक पाखरू नाही दाखवायला. वर्षभर मरमर केली. जमिनीतच दम नाही, दुसरं काय. जाणार आता ही जागा."

एवढं बोलून सर एसटी पकडायला गेले. ते सहज बोलले होते, पण 'जमिनीत दम नाही' हे वाक्य केराबाईसमोर सहज बोलायचं नसतं. तिच्या माहेरी-सासरी जमिनीत दम नसला की त्यावर एकच उपाय असतो: मेंढरं बसवायची. मोकळ्या रानात कळप रात्रभर बसवला की लेंड्यांचं, मुताचं खत पडतं आणि पुढच्या साली पीक तरारून उठतं. त्यासाठी शेतकरी मेंढपाळाच्या विनवण्या करतात. आणि इथं सख्खा भाऊ येडू आपला कळप घेऊन वाटेवरच होता. केराबाईनं फोन लावला.

"येडू, कुटं हायस?"

"सोलापूरच्या अल्याडच हाय की आक्का. काय सांगू तुला, चहूकडं ज्वारी उबी हाय. मेंढरं बसवायला हातभर जागा न्हाय. लोक बांदावर बी हुबं ऱ्हाऊ देत न्हाईत."

"मग हिकडं ये. जोतीचं रान हाय. गवत ह्ये कमरंएवडं, अन् खायाला कुत्रं न्हाय."

"जोतीचं रान? शहरात?"

"व्हय. पर दम न्हाय म्हनतोय त्येच्यात. बसीव एक रात. पोरगं लई काळजीत हाय रं."

फोन ठेवून ती सुनेला म्हणाली, "विजे, चार भाकरी ज्यादा टाक. येडू येनार हाय रातीला."

"किती जण आहेत, आत्या?"

"मानसं दोनच."

विजयमालाबाई थकलेल्या होत्या, म्हणून त्या 'माणसं' या शब्दावर थांबल्या नाहीत. त्यांनी भाकरी टाकल्या, पिठलं केलं आणि त्या ड्युटीवर गेल्या. दिवेलागणीला येडूमामा आला. वॉचमननं गेट अडवलं, तेव्हा केराबाईनं बाल्कनीतून सांगितलं, "आमचं पाव्हनं हायत, सोड." सोसायटीच्या नियमात पाहुण्यांवर बंदी नव्हती. वॉचमननं गेट उघडलं आणि पाहुणे आत येत राहिले, येत राहिले.

तिकडे प्रशिक्षण लांबलं, शेवटची गाडी चुकली, सर मंगळवेढ्यात एका सोबत्याकडे पडले आणि सोमवारी सकाळी पहिल्या एसटीनं परतले. सोसायटीच्या गेटाला, नावाच्या पाटीखाली, एक घोडं बांधलेलं होतं. सरांना वाटलं कुणाची तरी वरात असेल. मग त्यांना विजयमालाबाई दिसल्या. त्या ड्युटीवरून येऊन तशाच उभ्या होत्या, पर्स खांद्याला.

"अहो," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी काही बघितलं नाही असं समजून झोपायला जाऊ का?"

सरांनी ओपन स्पेसकडं पाहिलं. गवत नव्हतं. म्हणजे काल होतं त्या जागी आज जमीन होती, तीही तासून काढल्यासारखी. बोरीच्या रोपांचे दांडे उरले होते. तरवड तेवढा नावाला शाबूत होता. चहूबाजूंनी वागुरीची जाळी लावलेली आणि आत दाटीवाटीनं मेंढरं बसलेली, रवंथ करत, तृप्त. मधोमध सोसायटीच्या तीन पेव्हर ब्लॉकची चूल मांडून येडूमामा चहा उकळत होता.

"या, मास्तर!" मामा म्हणाला. "काय गवत राखलं व्हतं रं तू! असं गवत मी ल्हानपनी बघितलं व्हतं."

"मामा, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? रान बसवलं की. आता बग फुडच्या साली ज्वारी कशी येती ती."

"ज्वारी नाही लावायची मामा इथं! गवत हवं होतं! गवत!"

"गवतच व्हतं की," मामा समजुतीनं म्हणाला. "खाल्लं."

सर मटकन पायरीवर बसले. एक वर्षाच्या बादल्या त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या. वरून बाल्कनीतून केराबाई त्यांच्याकडं हसून बघत होती. मुलाची अडचण ओळखून, कुणाला न सांगता, दुखऱ्या गुडघ्यांनी तिनं ती दूर केली होती. तिला आता काय सांगायचं? सरांनी हात वर करून हलवला. तिनंही हलवला.

तेवढ्यात चेअरमन आले. त्यांच्या हातात एक कुंडी होती आणि कुंडीत एक काडी.

"सर, हा माझा क्रोटन होता."

"दादा, मी…"

"काल सायंकाळपर्यंत होता. तुमची एक शेळी अजून माझ्या स्कूटरवर बसलीय. उतर म्हणलं तर माझ्याकडंच बघतीय."

"दादा, आत्ता सगळं हलवतो. मामा, उठवा मेंढरं. बाई यायच्या आत गेटाबाहेर पाहिजेत."

मामा चहा गाळता गाळता म्हणाला, "न्हाय जमायचं. ती पल्याडची मेंढी व्यायला लागलीया. आता तिला कशी उटवू?"

"मग बाकीची हलवा!"

"तिला सोडून हालत न्हाईत ती. तुमच्यावानी सोसायटीच हाय त्यांची."

सर चेअरमनांकडं पाहू लागले, चेअरमन कुंडीकडं. जाळीभोवती शाळेला निघालेली मुलं गोळा झाली होती, त्यांची व्हॅन हॉर्न वाजवत होती, बजाबाई तोंडाला पदर लावून 'सापापेक्षा हे बरं का वाईट' याचा विचार करत होत्या. आणि या गर्दीतून वाट काढत, गळ्यात दुर्बीण, खांद्याला झोळी अशा राजश्री मॅडम वेळेच्या आधीच आल्या.

मॅडमचा चेहराही ओढलेला होता. वाटेत एका बंगल्यात त्यांना 'देशी अधिवास' म्हणून सिमेंटचा बगळा आणि प्लास्टिकचं गवत दाखवलं होतं, आणि वर मालकानं त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढायला लावला होता.

"मॅडम," चेअरमन पुढं झाले, "सगळं तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. सरांनी प्रामाणिकपणे मेहनत घेतली, मी नाय म्हणत नाय. पण आता तुम्हीच सांगा, इथं कुठं…"

"शू!" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

 मॅडम ती हळूहळू या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवत राहिल्या. जोतिराम सरांनी डोळे मिटून घेतले. फरशी तर फरशी, पण लवकर सांगा आणि मला झोपू द्या, असं त्यांच्या मनात आलं. मग बाजूला उभ्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या पांढऱ्या कोंबड्या कुणाच्या?" म्हणून त्यांनी डोळे उघडले.

त्या कोंबड्या नव्हत्या. ते गायबगळे होते. मेंढरांच्या पायांतून लांब टांगा टाकत किडे टिपत फिरत होते. एका मेंढीच्या पाठीवर काळा कोतवाल बसला होता आणि माशी उडाली की झडप घालून परत तिच्याच पाठीवर येत होता. लेंड्यांमधून पिवळे धोबी शेपट्या हलवत धावत होते. साळुंक्यांची भांडणं चालली होती. कडेला, काल जिथं कमरेएवढं गवत होतं तिथं, तुरेवाला हुदहुद पक्षी चोच खुपसून खुपसून अळ्या काढत होता. आणि मातीच्याच रंगाचा एक चंडोल ढेकळावर उभा राहून गात होता. सरांनी त्याला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. त्यांना एकदम रडू आलं. ते पहाटेच्या एसटीमुळं असेल असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"सर," मॅडमनी दुर्बीण खाली घेतली, "चराईची कल्पना तुमची?"

विजयमालाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ही नजर 'हो म्हणा' अशी होती. पण सर शिक्षक होते.

"नाही मॅडम. आईची."

"कमाल आहे! अहो, आम्ही सगळ्यांना गवत लावायला सांगतो, पण नुसतं गवत वाढून वाळलं की कितीतरी पाखरांना त्यात उतरता येत नाही. माळावर चरणारी जनावरं हवीतच. कुणी ऐकतच नाही. शहरात मेंढ्या कुठून आणणार, म्हणतात." त्यांनी बाल्कनीकडं बघून नमस्कार केला. केराबाईला काही कळलं नाही, पण तिनं पदर सारखा केला. "एका दिवसात थोडं जास्तच चरलंय. बोरी फुटतील परत. माझ्याकडून जागा मंजूर."

चेअरमननी कुंडी पाठीमागं नेली. "आमच्या सभेत तसं ठरलंच होतं मॅडम," ते म्हणाले. मग त्यांनी येडूमामाच्या चुलीकडं, त्या तीन ब्लॉककडं पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तेवढे तरी उपयोगाला आले म्हणायचं."

"फक्त एक अट," मॅडम म्हणाल्या. "हे चालू राहिलं पाहिजे. एवढा मोठा कळप नको. दोन-तीन मेंढ्या पुरे. पण रोज, एका बाजूनं थोडं थोडं, आणि मागं कुणीतरी उभं पाहिजे. मोकळ्या सोडल्या तर काय होतं ते दिसतंच आहे. मी उन्हाळ्याच्या आत परत येईन बघायला."

"पण मॅडम, मामा तर आज पुढं जाणार. आम्ही मेंढ्या कुठून…"

वाक्य पुरं व्हायच्या आत मामानं जाळीतून हाक मारली. मेंढी व्याली होती. पाय लटपटत असलेलं ओलं कोकरू उचलून त्यानं आणलं आणि सरांच्या हातात दिलं. सरांच्या शर्टाचा विषय तिथंच संपला.

"घ्या मास्तर. ह्येची आय आता आठ-पंदरा रोज लांब चालायची न्हाय. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. जोडीला येक दुसरी बी ठिवतो, न्हायतर वरडून वरडून जीव खाईल. फुडच्या साली येतो, तवा बगू."

"पुढच्या साली!" विजयमालाबाई म्हणाल्या. मग त्यांनी हिशेब केला, की भांडायला उभं राहायला लागेल, त्यापेक्षा झोपलेलं बरं. त्या वर निघून गेल्या.

दुपारी घोड्यावर बिऱ्हाड लादून मामा कळपासह गेला. मुलांनी कोकराचं नाव ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चेअरमनांच्या नातवानं ते बदललं. त्यावरून दोन मजल्यांत अबोला झाला तो निराळाच. बजाबाई मेंढीला भाजीचे देठ घालू लागल्या, कारण लेंड्यांच्या वासानं साप येत नाहीत असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मेंढ्यांना मात्र गवतापेक्षा क्रोटनच आवडतो, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं. मागं उभं राहायला सोसायटीत कुणाला वेळ नव्हता. चेअरमनांनी सभा घेतली. सभेत सगळ्यांनी एकमतानं सरांकडं पाहिलं.

तेव्हापासून शाळेतून आलं की जोतिराम सर हातपाय धुतात, कपडे बदलतात आणि खाली उतरतात. उत्तरपत्रिका वरच राहतात. परवा संध्याकाळीही ते असेच ओपन स्पेसमध्ये काठी धरून मेंढ्यांमागं उभे होते. पाय दुखत होते. मेंढीनं चेअरमनांच्या दाराकडं मोर्चा वळवला की ते "ह्या, ह्या" करून तिला फिरवत होते. चंडोल ढेकळावर बसला होता. पायरीवर केराबाई बसली होती. थोड्या वेळानं सरांनी पाहिलं, तर ती पदरानं डोळे पुसत होती.

"आई, काय झालं? गुडघा दुखतोय?"

"न्हाय रं." तिनं नाक पुसलं. "तुझ्या बापाची याद आली. पोरानं मेंढरामागं फिरू नये म्हनून निम्मा कळप इकला त्यानं तुझ्या शिक्षनापायी. ज्या दिवशी तू मास्तर झालास त्या दिवशी साऱ्या वस्तीला गूळ वाटला."

 सरांना एकदम फार दमल्यासारखं झालं. काठीवर रेलून ते म्हणाले, "आज असते, तर मला बघून काय म्हणाले असते गं?"

केराबाईनं त्यांच्याकडं नीट, पायापासून डोक्यापर्यंत, पाहून घेतलं.

"म्हनला असता, काठी उलटी धरलीया."

सरांनी काठीकडं पाहिलं. मग ती सुलटी केली आणि मेंढीमागं चालू लागले.